संक्रांतवेलीला फुलं येत नाहीत. कलम कसं करावं?

राजेंद्रनगर_बाग
इंदूर. कुंपणाच्या भिंतीवर तीन वर्षांची संक्रांतवेल आहे. पानं गर्द हिरवी, वाढ जोरदार, पण जानेवारीत एक कळी नाही. जमीन काळी. पावसाळ्यात शेणखत आणि युरिया देतो, दिवाळीच्या रंगकामाआधी छाटणी होते. शेजारी दोघांना रोपं हवी आहेत, तर कलमाचंही सांगा.

माळव्याची_माती
दिवाळीआधीची छाटणी थांबवा, मुख्य कारण तेच. या वेलीचे घोस त्याच वर्षी वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. ऑक्टोबरात शेंडे गेले की नवी फूट थंडीपूर्वी तयार होत नाही. फुलं गळाली की फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये छाटा. तेव्हा निम्मी वेल काढली तरी चालते. रंगकामाची अडचण असेल तर वेल भिंतीवर न चढवता हुकांना अडकवलेल्या जाळीवर चढवा, म्हणजे जाळीसकट पुढे ओढता येते.

युरिया पूर्ण बंद. नत्र जास्त झालं की नुसता पाला वाढतो. जूनमध्ये घमेलंभर कुजलेलं शेणखत पुरे. राख घालू नका, आपली काळी माती आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन) असते. ऑक्टोबरपासून पाणीही कमी करा.

जाईजुई
भिंतीची कोणती बाजू? उत्तरेकडची असेल तर उन्हाळ्यात ऊन दिसतं आणि कळ्या धरायच्या दिवसांत नाहीसं होतं. डिसेंबरात इंदूरला भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण ४४ अंशांवरच असतो, त्यामुळे सहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला सहा फुटांहून थोडी जास्तच पडते.

राजेंद्रनगर_बाग
उत्तरेचीच आहे, पाच फूट उंच. वेल उपटून दुसरीकडे लावावी का?

जाईजुई
मुळीच नको. भिंतीवर तीन फूट उंच जाळीची चौकट बसवा आणि शेंडे वर जाऊ द्या. मुळं सावलीत असली तरी बिघडत नाही, शेंड्यांना ऊन हवं.

कलमासाठी छाट कलमापेक्षा दाब कलमावर माझा जास्त विश्वास आहे. जून-जुलैत जमिनीलगतची पेन्सिलीएवढी फांदी निवडा, डोळ्याच्या खाली तिरका, फांदीच्या एक तृतीयांश जाडीचा काप द्या. तो भाग वाळू आणि शेणखत भरलेल्या कुंडीत दोन इंच खोल दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. दोन-अडीच महिन्यांनी मूळ वेलीकडून येणारी फांदी आधी अर्धी कापा, आठवड्याने पूर्ण. एकदम तोडली तर रोप माना टाकतं.

माळव्याची_माती
जास्त रोपं हवी असतील तर छाट कलम करा. जुलैत सहा इंचांचे, तीन डोळ्यांचे तुकडे घ्या. कोवळे सडतात, फार जून झालेल्यांना मुळं उशिरा फुटतात. खालची पानं काढा, वरची अर्धी कापा, रूटिंग पावडर लावून निम्मी वाळू-निम्मं कोकोपीट असलेल्या पिशवीत लावा. नुसती काळी माती नको, ओल धरून बुड काळं पडतं. वरून पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. पंधरा दिवसांत पालवी आली तरी हलवू नका: ती काडीतल्या साठ्यावर फुटलेली असते, मुळं यायला पाच-सहा आठवडे लागतात. हलकं ओढून पाहण्यानेच बरीच कलमं मरतात.

जमिनीत लावताना दीड फुटाचा खड्डा घ्या, पण रोप चार-पाच बोटं उंच वरंब्यावर बसवा. चिकण मातीतला भुसभुशीत खड्डा पावसात हौदासारखा भरतो.