अनुभव धागा: देवाला प्रश्न विचारलाय का कधी?

पाचबंगला
सलाम सगळ्यांना. काल लेकीचा संडे स्कूलचा अभ्यास घेत होते, थोमाचा धडा, येशू मेलेल्यातून उठला हे स्वतः बघितल्याशिवाय न मानणारा तो शिष्य. ती म्हणाली, मम्मी, बायका कबरेवरून येऊन सांगत होत्या तेव्हा बाकीच्या शिष्यांना पण पटलं नव्हतंच की, मग संशयी एकटा थोमाच का? मला काही सुचेना, आणि एकदम चौदा वर्षांची मी आठवले. पप्पा आजारी, तीन महिने घरात रोज प्रार्थनासभा, सगळे म्हणायचे विश्वास ठेवा, बरे होणारच. पप्पा गेले. महिन्याने घरी भक्ती होती तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, मग आमचा विश्वास कमी पडला का? एक काका म्हणाले, असं बोलायचं नसतं बाळ, सैतान बोलवून घेतो. नंतर कितीतरी वर्षं चर्चला गेले, पण तोंड मिटून. त्या संध्याकाळी पाळकीणबाई मात्र स्वयंपाकघरात आल्या, मी लसूण सोलत होते, त्यांनी अर्धा गड्डा स्वतःकडं ओढला आणि सोलता सोलता म्हणाल्या, स्तोत्र ८८ वाच, त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, शेवटचा शब्दच अंधार आहे, तरी ते बायबलात ठेवलंय. एवढंच. तुमचं पण लिहा, उपदेश नको प्लीज.

शाहूपुरी_३
ताई वाचून गलबलून आलं. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी, आईचं बायबल फुगून विटेसारखं झालेलं, पानं एकमेकाला चिकटलेली. मी लई चिडलो होतो, देवाला म्हटलं आता बोल की काहीतरी. काही आवाज आला नाही बघा. आईनं ते बायबल गच्चीवर आठवडाभर वाळवलं, रोज चार चार पानं सोडवायची. अजून तेच वाचते.

मिरज-कोल्हापूर अपडाऊन
फुगलेलं बायबल टाल्कम पावडर टाकून सुटतं, आमच्या लायब्ररीत करायचे.

शाहूपुरी_३
आता सांगताय व्हय 😀

आजोबांचा नातू
मला एक कळत नाही, प्रश्न विचारणं पाप असेल तर आपण ख्रिस्ती झालो कसे? वाइल्डर साहेब, अमेरिकन मिशनरी, १८५२ ला कोल्हापुरात आले. पुढं आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो घरातल्या, गावातल्या सगळ्यांना प्रश्न विचारूनच ना? त्यांनी विचारलं ते धाडस आणि आपण विचारलं की अविश्वास, हे मला काही पटत नाही. पंडिता रमाबाईंचंच घ्या, १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) तिथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रातून वाद घालत होत्या, पटलं नाही तर पटलं नाही म्हणायच्या. त्याच बाईंनी पुढं मूळ भाषा शिकून सगळं बायबल मराठीत आणलं.

नर्सिंगवाली
नाइट ड्युटीवरून टाइप करतेय, चुका समजून घ्या. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो ना, येणारा तो, म्हणजे मसीहा, तूच की आम्ही दुसऱ्याची वाट बघू. ज्यानं यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा दिला त्यालाच शंका. आणि येशू रागावत नाही, जा, जे बघताय ऐकताय ते त्याला सांगा म्हणतो. पेशंट गेला की नातेवाईक मला विचारतात, सिस्टर, देवानं असं का केलं? मी आता उत्तर देत नाही, हात धरते. पहिली दोन वर्षं वचनं सांगायचे, त्याचं अजून वाईट वाटतं.

रंकाळा सकाळ
👆 हे वाचून रडले. भाजी करपली.

तरुण संघ माजी
थोमावर अन्याय झालाय हे खरंच. येशू मेलेल्या मित्राकडं, लाजराकडं निघाला, बाकीचे शिष्य यहूदीयात परत जायला घाबरत होते कारण तिथले लोक येशूला दगडमार करायला बघत होते, तेव्हा चला आपण पण येशूबरोबर मरू, हे म्हणणारा थोमाच होता. हे कुणी शिकवत नाही. रविवारी उपासना साडेआठला का नऊला, मेसेज दोन आलेत.

नर्सिंगवाली
नऊ.

पाचबंगला
लाजराचं वाचून दाखवलं लेकीला. खूश झाली, पण आता विचारतेय परीक्षेत काय लिहू, पुस्तकात तर संशयीच लिहिलंय.

संडे स्कूल टीचर
जे तिला दिसलं ते लिहू दे, पेपर मीच तपासणार आहे. फक्त पेन दोन आणायला सांगा, मागच्या वेळी अर्ध्या वर्गाची शाई संपली होती.