3 एलिमेंटची (दांड्यांची) यागी, म्हणजे एका दिशेची रेडिओ अँटेना, मागचंही तेवढंच ऐकते, चूक कुठे?

संत्रापट्टा:
काटोलजवळ वावरातल्या घरावर 145 मेगाहर्ट्झची यागी आहे, एलिमेंट उभे. बूम (एलिमेंट धरणारा आडवा दांडा) 20 मिमीचा ॲल्युमिनियम पाइप, एलिमेंट त्यातून आरपार. मापं लाकडी बूमच्या डिझाइनची: रिफ्लेक्टर (मागचा एलिमेंट) 1020 मिमी, डायरेक्टर (पुढचा) 915. ड्रिव्हनला (केबल जोडलेल्या मधल्या एलिमेंटला) गॅमा मॅच, म्हणजे केबलशी मेळ घालणारी जोडणी. खांबाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बूमच्या मधोमध, कोॲक्स (जाळीच्या आवरणाची अँटेना केबल) त्यालाच बांधलेली. एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या पॉवरचं माप) 1.2. तोंड नागपूरकडे असूनही अमरावतीकडचं स्टेशन जोरात येतं. फ्रंट टू बॅक (पुढच्या-मागच्या सिग्नलमधला फरक) 20 डेसिबल मिळायला नको का?

बूमवाला:
एसडब्ल्यूआर बाजूला ठेवा भाऊ. पॉवर अँटेनात शिरली एवढंच तो सांगतो, कुठल्या दिशेला गेली ते नाही.

पहिला आरोपी जीआय पाइप. एलिमेंट उभे, पाइपही उभा, तोही त्यांच्या मधोमध. म्हणजे न मोजलेला चौथा एलिमेंटच झाला. आडव्या यागीला हा त्रास जवळपास नसतो. बूम रिफ्लेक्टरच्या मागे अर्धा मीटर वाढवा आणि पाइप तिथे धरा. नाहीतर वरचा दोन मीटर तुकडा वाळलेल्या बांबूचा करा.

आरपार धातूच्या बूममुळे एलिमेंट विजेच्या हिशेबाने आखूड होतात. 20 मिमीला प्रत्येकी साधारण 5 मिमी लांबी वाढवा. फरक छोटा, पण आखूड रिफ्लेक्टर आधी मागची बाजूच बिघडवतो.

कोॲक्सप्रेमी:
बांबू लावून कोॲक्स त्यालाच उभी बांधली तर काहीच साधलं नाही, तिची जाळी म्हणजे पुन्हा उभा धातूच. ती बूमवरून मागे न्या, रिफ्लेक्टर ओलांडला की खाली सोडा. गॅमा एकांगी, त्यामुळे जाळीच्या बाहेरून करंट वाहतो. कमी पॉवरवर कोॲक्स मुठीत धरा. एसडब्ल्यूआर हलला तर समजा, करंट वाहतोय. तो अडवायला फीडपॉइंटलाच (केबल अँटेनाला जुळते तिथे) 43 किंवा 61 मिक्सचे (प्रकारचे) चार-पाच फेराइट मणी कोॲक्सवर ओवा. एचएफसारखी (कमी फ्रिक्वेन्सीला करतात तशी) कोॲक्सची दहा वेढ्यांची गुंडाळी नको, 145 वर वेढ्यांमधली कपॅसिटीच तिला निकामी करते.

वऱ्हाडी अँटेना:
नकाशा बघितला का? काटोलहून नागपूर साधारण 104 अंशांवर, अमरावती 246 वर. म्हणजे अमरावती बरोबर पाठीमागे नाही, तोंडापासून सुमारे 140 अंशांवर आहे. फ्रंट टू बॅकचा आकडा फक्त 180 अंशांचा. तिथे खोल खड्डा (जवळपास काहीच ऐकू न येणारी दिशा) असला तरी 130-150 च्या आसपास लोब (ऐकू येणारा फुगवटा) उरू शकतो. पाइप हलवल्यावर यागी 30-40 अंश फिरवून बघा. नागपूर थोडंच कमी होईल, अमरावती खड्ड्यात पडू शकतं.

संत्रापट्टा:
मोजायचं कसं? सेटच्या सिग्नलच्या काड्या तर दोन्हीकडे भरलेल्याच.

वऱ्हाडी अँटेना:
एफएमच्या काड्यांवर जाऊ नका, लवकर भरतात. मोकळ्या वावरात शंभर मीटरवर कमी पॉवरचा उभ्या अँटेनाचा सेट ठेवा, टिनांपासून लांब. टिनावरून परतलेली लहर खड्डा भरून काढते. यागी आणि रिसीव्हरमध्ये ॲटेन्युएटर (सिग्नल मोजून कमी करणारी डबी) लावा, काडी एकच राहील इतकं दाबा, मग 15-15 अंश फिरवत तीच काडी येईपर्यंत किती डेसिबल काढावे लागतात ते लिहा. रिसीव्हर म्हणून लावलेल्या सेटचा माइक मात्र काढून ठेवा. चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं तर ॲटेन्युएटर जळेल.