शब्दचर्चा: 'कँडिड'ला मराठीत काय म्हणायचं? बेसावध, नकळत की आणखी काही?

तिकटीकर:
मंडळी, एक अडलंय. शाहू स्मारकच्या कलादालनात आम्हा सहा जणांच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचंय. सगळे फोटो कोल्हापूरच्या रस्त्यांवरचे, ओळखपाळख नसलेल्या माणसांचे, पोज द्यायला न लावता काढलेले. इंग्रजीत याला 'कँडिड पोर्ट्रेट' म्हणतात. दाराशी मराठी पाटी लावायची तर काय लिहू? मी 'बेसावध व्यक्तिचित्रे' लिहून बघितलं. बायको म्हणाली, सीसीटीव्ही फुटेजचं प्रदर्शन हाय काय?

आजऱ्याची:
'नकळत'. नकळत टिपलेले चेहरे. सोपं, गोड. झालं की काम.

जुना कोश:
वहिनींचं बरोबर आहे. 'सावध' संस्कृतातला: स + अवधान, लक्ष जागेवर असलेला. त्याला फारसीतला 'बे' लागला. पण मराठीत माणूस बेसावध झाला की पुढच्या वाक्यात त्याच्यावर घाला पडतो, नाहीतर खिसा कापला जातो. 'गाफील'चंही तेच. दोन्ही शब्द शिकाऱ्याच्या बाजूनं बोलतात, आणि वर दोष सावजाला देतात.

मूळ 'कँडिड'मध्ये लपूनछपून असं काहीच नाही. लॅटिन 'कँडिडस' म्हणजे लखलखीत पांढरा. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूनं पांढरा केलेला झगा घालत, त्यावरून उमेदवाराला 'कँडिडेट' म्हणायला लागले. (आपल्या उमेदवारांची कडक इस्त्रीची पांढरी खादी व्युत्पत्तीला धरूनच आहे म्हणायची.) आधी पांढरा, मग निर्मळ, मग पोटात एक ओठात एक नसलेला. आपल्याकडं याच्या अगदी जवळचा शब्द 'निखालस'. त्यातही अरबी 'खालिस' म्हणजे शुद्ध आहे. पण हल्ली निखालसच्या पुढं 'खोटं' आल्याशिवाय राहत नाही, म्हणून पाटीवर नको.

कॅमेऱ्याला हे विशेषण 1930 च्या सुमाराला चिकटलं. एरिक सालोमन नावाचा जर्मन छायाचित्रकार छोटा कॅमेरा घेऊन पुढाऱ्यांच्या परिषदांत शिरायचा आणि दमलेले, पेंगुळलेले मुत्सद्दी घेऊन बाहेर यायचा. तिथून 'कँडिड कॅमेरा' रूढ झाला.

पुण्याचा पाहुणा:
आणि आता तो मंगल कार्यालयात मुक्कामाला आहे. आमच्याकडच्या लग्नात दोन पॅकेजं होती, ट्रॅडिशनल आणि कँडिड. कँडिडवाला नवरीला सांगत होता, "इकडे बघू नका, तिकडे बघून सहज हसा." तीनदा सहज हसवलं.

जुना कोश:
हा हा. आता आजऱ्याची यांनी जाता जाता वापरलेल्या 'टिपलेले'बद्दल, कारण 'नकळत'पेक्षा माझा जीव त्यात अडकलाय. चिमणी दाणे टिपते. नेमबाज सावज टिपतो. टीपकागद शाई टिपतो. आई पदरानं लेकराचे डोळे टिपते. कारकून टिपण लिहितो. क्रियापद एकच, पण टिपणाऱ्याचा हात किती वेगवेगळा! लांब लेन्स लावून रस्त्यापलीकडून काढलेले फोटो मला नेमबाजाचे वाटतात. चेहरा सुरेख, मागचं सगळं धूसर, आणि माणूस जिथं होता ती जागाच गायब. 'रस्त्यावरचं' म्हणावं असं त्यात काय उरलं? टीपकागदाला मात्र जवळ जावं लागतं, टेकावं लागतं.

दूधकट्टा:
कोशकाका, एकदम पटलं. मी 35 मिमीची लेन्स लावून फिरतो. लेन्सचं छिद्र एफ 8 ला, म्हणजे बारीक, ठेवून 3 मीटरवर फोकस बांधून टाकायचा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला साधारण 2 ते 7 मीटरपर्यंतचं सगळं नीट येतं, फोकस शोधत बसायला नको. पण याचा अर्थ असा की माणूस हातभर अंतरावरून नसला तरी बोलण्याच्या अंतरावरून काढायचा. तिथं तुम्ही दिसणारच.

जागेचं म्हणाल तर संध्याकाळी महाद्वार रोड. अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार पश्चिमेला. म्हणून तर किरणोत्सवात मावळतीची किरणं आत मूर्तीपर्यंत जातात. दर्शन करून बाहेर पडणाऱ्याच्या तोंडावर थेट ऊन येतं. हात कपाळाशी जातो, डोळे बारीक होतात, दुसऱ्या हातात पिशवी आणि चप्पल शोधायची घाई. त्या वेळी पोज कोण देणार?

चप्पललाईन:
'नकळत'ला माझा विरोध आहे. माझा सगळ्यात चांगला फोटो नकळत काढलेलाच नाही.

मी चप्पल लाईनला गेलो होतो. (पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये, मी बाईच आहे. कोल्हापुरात आम्ही 'गेलो'च म्हणतो.) एका दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे कारागीर चपलेचा कान शिवत बसले होते. विचारलं, "काका, फोटो काढू काय?" झालं! आरी खाली, टोपी सरळ, दोन्ही हात मांडीवर, पासपोर्टला बसल्यासारखे. मी काढला, दाखवला. "झ्याक आलाय," म्हणाले. मी तिथंच उभारलो. गिऱ्हाईक आलं, घासाघीस झाली, गिऱ्हाईक गेलं. काकांनी परत आरी उचलली, दोरा दातात धरला, एक डोळा मिटला आणि कानाचं भोक बघायला चप्पल उजेडाकडं धरली. तेव्हा काढला.

त्यांना मी दिसत होतो की. कॅमेराही दिसत होता. फक्त त्या घडीला त्यांच्या लेखी माझ्यापेक्षा ते भोक मोठं होतं. मग हे नकळत कसं? माझा शब्द 'नादातला'. आपल्या नादात असलेला माणूस.

आजऱ्याची:
शब्द भारी आहे, पण ताई, 'नादातली माणसं' अशी पाटी वाचून लोक व्यसनमुक्तीचं प्रदर्शन समजतील.

चप्पललाईन:
विभक्ती बघा की. नादी लागणं वाईट. नादाला लावणारा त्याहून वाईट. नाद सोडणं शहाणपणाचं. पण नादात असणं? कुणी नादात गुणगुणतो, कुणी नादात स्टॉपच्या पुढं जातो. तिथं दोष नाही, फार तर चहा गार होतो. आणि कोल्हापुरात 'नाद खुळा' ही शिवी कधीपासून झाली?

पुण्याचा पाहुणा:
'तंद्रीतला' का नको? अर्थ तोच.

जुना कोश:
तोच नाही. तंद्री संस्कृत 'तन्द्रा'वरून, म्हणजे पेंग, ग्लानी. तंद्रीतला माणूस आत कुठंतरी असतो, त्याच्यासमोर काही नसलं तरी चालतं. वॉकर एव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकारानं 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोरच्या बाकावरचे प्रवासी काढले. शटरची वायर बाहीतून हातात. ते चेहरे म्हणजे तंद्री. पुस्तक व्हायला 1966 उजाडलं. नादाला मात्र वस्तू लागते: आरी, पतंग, म्हैस, पत्त्यांचा डाव. रस्त्यावरच्या फोटोत हात आणि हातातली वस्तू फ्रेममध्ये राहिली की अनोळखी माणसाचं अर्धं चरित्र कळतं. नुसता चेहरा कापून घेतला तर त्याचं नावही माहीत नाही आणि कामही.

आणखी एक शब्द सांगायचा मोह आवरत नाही. फ्रान्सच्या कार्तिए-ब्रेसाँचं 1952 चं प्रसिद्ध पुस्तक इंग्रजीत 'निर्णायक क्षण' अशा अर्थाच्या नावानं गाजलं. फ्रेंच नाव होतं 'इमाज आ ला सोव्हेत'. 'आ ला सोव्हेत' म्हणजे घाईघाईत, चोरीछुपे. परवाना नसताना रस्त्यावर माल विकणाऱ्यांसाठी फ्रेंचमध्ये हाच शब्दप्रयोग आहे. अतिक्रमणची गाडी दिसली की चारी टोकं धरून चादर उचलतात ना, तसे काढलेले फोटो. इंग्रजी नावात फोटोग्राफर तत्त्ववेत्ता होतो, फ्रेंचमध्ये फेरीवाला. मला फेरीवाला जवळचा.

दूधकट्टा:
मानलं काका! पण एक राहतंय. कॅमेऱ्यात बघणाऱ्यांचं काय? गंगावेशीला एक जण धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावून होता. पेल्याच्या कडेवरून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी बटण दाबलं. पुढच्याच क्षणी पेला खाली आला, मिशा पुसल्या, हसला, पोज सुरू. तो नादात नव्हता, मला बघतच होता. तरीही फोटो खरा आहे, कारण तोंड 'करायच्या' आधीचा आहे.

आजऱ्याची:
त्याला शब्द आहे की. नजरानजर.

चप्पललाईन:
व्वा. हा घ्या. याला माझी काही हरकत नाही.

तिकटीकर:
सगळ्यांचे आभार. ठरलं. पाटी: 'आपल्या नादात: कोल्हापूरच्या रस्त्यावरची माणसं'. कॅमेऱ्याकडं बघणारे फोटो चारच आहेत, ते आतल्या भिंतीवर 'नजरानजर' म्हणून वेगळे. बायकोनं पास केलंय. 'व्यक्तिचित्र' शब्द काढून टाकला. तो वाचला की फोटोपेक्षा लेखच आठवतो.

चप्पललाईन ताई, काकांचा फोटो द्याल काय? जमलं तर पासपोर्टवालाही आणा, दोन्ही शेजारी शेजारी लावतो.

चप्पललाईन:
आरीवाला देतो. पासपोर्टवाला काकांनी मागून घेतला, फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलाय. दुसरा दाखवला तर म्हणाले, "ह्यात मी बघतोय कुठं?"