मदत हवी आहे : जुन्या कॅसेटवरील ड्रम मशीन कोणते असावे?

सर्व जाणकारांना नमस्कार. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रासाठी मी एका जुन्या कॅसेटवरील इलेक्ट्रॉनिक पॉप वाद्यसंगीताचा ताल पुन्हा बसवत आहे. कॅसेटचे वेष्टन हरवले असल्याने ड्रम मशीन, म्हणजे ताल वाजवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, आवाजावरूनच ओळखावे लागणार आहे.

बास ड्रमचा ठोका पडल्यावर त्याची घुमार बराच वेळ रेंगाळते आणि काउबेलमध्ये (गाईच्या घंटेसारख्या आवाजात) दोन सूर एकाच वेळी टणकन वाजतात, म्हणून माझा कल १९८० च्या रोलँड टीआर-८०८ कडे आहे. त्यातील सगळे आवाज अ‍ॅनालॉग सर्किटमध्येच तयार होतात, त्यात आधी ध्वनिमुद्रित केलेले काही नसते. खरी अडचण क्रॅश सिंबलची, म्हणजे मोठ्या झांजेच्या आवाजाची आहे. तो खऱ्या झांजेसारखा फुटतो, पण हळूहळू विरण्याऐवजी मध्येच कापल्यासारखा थांबतो, त्यामुळे तो सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित तुकडा असावा असे मला ठामपणे वाटते. सॅम्पल वाजवणाऱ्या ड्रम मशीनपैकी लिन एलएम-१ मध्ये क्रॅश नव्हताच, त्यामुळे ते बाद ठरते. उरतात १९८२ चे लिनड्रम आणि १९८३ चे टीआर-९०९; यांपैकी ९०९ मधील सिंबल व हाय-हॅट (पायाने मिटता येणारी झांजेची जोडी) हे ६ बिटचे सॅम्पल आहेत.

येथे दोन यंत्रे एकत्र वापरली आहेत, की ८०८ चे आवाजही सॅम्पलरमधून (सॅम्पल साठवून वाजवणाऱ्या यंत्रातून) वाजवले आहेत, हे कसे ठरवावे? सॅम्पलचे ठोके जवळजवळ हुबेहूब सारखे असतात, म्हणून हाय-हॅटचे सलग ठोके संगणकावर एकमेकांशी ताडून पाहणे पुरेसे ठरेल का? टेपची गती थोडी जास्त असल्याची शंका आहे, म्हणून केवळ सुराच्या उंचीवर विसंबता येत नाही. लिनड्रम आणि ९०९ यांचे क्रॅश ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले आहेत, त्यांनी दोहोंतील फरक कृपया सविस्तर सांगावा.