चौथ्या आवृत्तीतला योद्धा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून आणि पात्रे वठवून खेळायच्या खेळाची 2008 सालची चौथी आवृत्ती म्हणजे पटावर मांडलेला व्हिडिओ गेम, तिच्यात पात्रांच्या संभाषणाला जागाच नाही, हे मत मला पटत नाही. बेळगावच्या टिळकवाडीतला आमचा गट अजूनही तीच खेळतो आणि तिने योद्धा या पात्रप्रकाराला दिलेले महत्त्व 2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांत उरले नाही, असे मला ठामपणे वाटते. योद्ध्याने खूण केलेल्या शत्रूने त्याला सोडून दुसऱ्याच कोणावर वार केला, तर तो वार लागतो की नाही हे ठरवणाऱ्या फाशाच्या बेरजेतून 2 वजा होतात. त्यामुळे मागे उभ्या असलेल्या जादूगाराचे रक्षण नुसते बोलण्यापुरते राहत नाही. लढाया लांबतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. खानापूरच्या मित्राला शेवटची बस गाठायची असली की आम्ही राक्षसांचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, निम्मे करतो. संभाषणाचे म्हणाल, तर आमच्याकडे ते मराठी-कन्नड दोन्हींत रंगते आणि नियमपुस्तक त्याला कुठेच आडवे येत नाही.