शब्दचर्चा : ‘प्राचीन काळातली अत्तरं’ म्हणावं का?

निशिगंध : एक लेख तपासतेय. त्यात ‘वराहमिहिराच्या काळातली अत्तरं’ असं आलंय. वराहमिहिर हा ज्योतिषी 6व्या शतकातला, ‘अत्तर’ मूळ अरबी ‘इत्र’वरून. शब्द मागाहून आला असला तरी वस्तू तीच, म्हणून राहू द्यावं का?

पोथीवाचक : नको. शब्द परका आहे हे कारण नाही, वस्तूच वेगळी आहे. अत्तर म्हणजे फुलांच्या वाफेतून तेलात उतरवलेला वास. त्याच्या ‘बृहत्संहिता’ ग्रंथातल्या गंधयुक्तीच्या, म्हणजे सुगंध बनवण्याच्या, अध्यायात चूर्णं, धूप, केसांची तेलं, मुखवास असा सगळा कारभार आहे. तिथल्या ‘गंधार्णव’ नावाच्या मिश्रणाची 16 द्रव्यं पाहा : नागरमोथा, दगडफूल, नागकेशर, धणे, वाळा, तगर, अगरू, कापूर, चंदन वगैरे. काळ्या मसाल्याची निम्मी यादी! यांतली कोणतीही चार घ्यायची. अशा चौकड्या 1820 होतात, हा आकडा श्लोकातच दिलाय. पुढे 1, 2, 3, 4 भाग असं प्रमाण फिरवत गेलं की एकेका चौकडीचे 24 गंध. पण लगेच ताकीदही आहे : धण्यांचा वास फार उग्र, म्हणून ते कायम एकच भाग, कापूर त्याहूनही कमी. म्हणजे गणितात बसलेलं सगळंच नाकाला चालत नाही.

भट्टीकर : अत्तर कशाला म्हणतात ते कनौजच्या भट्टीवर बघावं. तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी. वर सरपोश, म्हणजे झाकण. त्याची फट कापूस कालवलेल्या मातीने लिंपतात. सरपोशातून सुतळी गुंडाळलेला बांबूचा चोंगा निघतो, तो लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात, भपक्यात, जातो. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं आणि तो पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. आच जास्त झाली की बुडाची फुलं करपतात. तो जळका वास मग काही केल्या जात नाही. हौदातलं पाणी तापलं तर वाफ थिजत नाही, आत दाब वाढतो आणि लिंपण फुटतं. म्हणून कारागीर पाण्यात हात घालून भपका चाचपत राहतो, किती भरलाय ते त्याला उबेवरून कळतं. भरला की डेगवर ओलं फडकं फिरवून वाफ दाबायची आणि दुसरा भपका जोडायचा. पहिला निवला की तेल वर राहतं. खालचं पाणी बुडाच्या भोकातून काढून पुन्हा डेगमध्ये. त्याच तेलावर रोज ताजी फुलं, तेलाने वास पुरता धरेपर्यंत. शेवटी पाण्याचा अंश राहिला तर अत्तर गढूळ होतं, म्हणून ते चामड्याच्या कुप्पीत ठेवतात. ओल चामड्यातून उडून जाते.

चंदनाच्या तेलाशिवाय, नुसतं फुलाचं तेल धरलं तर तिथे त्याला ‘रूह’ म्हणतात, अत्तर नव्हे. जहांगीर बादशहाने आठवणींत लिहिलंय की नूरजहानच्या आईने गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर आलेला तवंग गोळा केला आणि त्याला ‘इत्रे जहांगिरी’ नाव मिळालं. आजच्या बोलीत ती रूहच.

निशिगंध : भपका? आपल्याकडे भपका म्हणजे थाटमाट.

पोथीवाचक : आणि वासाचाही भपका येतोच की. हिंदी ‘भाप’ आणि आपली ‘वाफ’ दोन्ही संस्कृत ‘बाष्प’वरून आल्या. ‘अर्क’ही बघा : अरबीत घाम. डेगच्या चोंग्यातून थेंब गळतात ते घामासारखेच. संस्कृत अर्क, म्हणजे सूर्य किंवा रुई, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

जुने शब्द मात्र आपल्या तोंडात आहेत, फक्त वास उडालाय. गंगाधराच्या ‘गंधसार’ या सुगंधांवरच्या संस्कृत ग्रंथात सहा क्रिया येतात : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. वैद्य अजून ‘आवळ्याच्या रसाची भावना’ देतात : चूर्ण रसात पुरतं भिजवायचं, खलायचं, खडखडीत वाळवायचं, मग पुढची. मधे ओल राहिली की बुरशी. वासनेचं तर नवलच. सोललेल्या तिळांवर मोगऱ्याचे थर रचायचे, फुलं कोमेजली की काढून ताजी घालायची, शेवटी तीळ घाण्याला. आळस करून कोमेजलेली फुलं तशीच ठेवली की तेलाला आंबूस वास येतो. फूल जातं, तिळात वास उरतो. बौद्ध आचार्य असंगाने चित्तावर राहणाऱ्या संस्काराला हाच दृष्टांत दिलाय. आपण वासना म्हणतो ती तिथून फार लांब आली.

भट्टीकर : तिळाच्या त्या तेलाला ‘फुलेल’ म्हणतात. तेही अत्तर नव्हे.

मोडीप्रेमी : ‘गंधसारा’सोबत छापलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर मराठी भाष्य आहे, दोन्ही 1989 साली बडोद्याहून निघाले. मराठी प्रतिशब्द हवे असतील तर तिथे शोधा. आणि ‘पर्फ्यूम’ला ‘प्राचीन अत्तर’ म्हणणाऱ्यांसाठी : लॅटिन ‘पेर फूमुम’, म्हणजे धुरातून. त्यातला ‘फूमुस’ आणि आपला ‘धूम’ सख्खे भाऊ. तेव्हा जवळचा शब्द ‘धूप’.

निशिगंध : मग ‘वराहमिहिराच्या काळातली सुगंधी चूर्णं, धूप आणि तेलं’ असं करते. शीर्षकात ‘गंधयुक्ती’.

पोथीवाचक : ठीक. त्याच परिच्छेदात कुठे ‘गुलाबपाणी’ असेल तर तेही काढा, तेही वाफेतूनच उतरवलेलं.