कार्ड माझं, मग त्याचं आयुष्य कंपनीने का ठरवावं?

जुनंकर्नल:
लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, असावा की बंदिस्त, हा वाद नेहमी गेमच्या फ्रेमरेटवर येऊन अडतो. मला काळजी कार्डाच्या आयुष्याची आहे. एनव्हिडियाची ‘फर्मी’ पिढीची कार्डं २०१० साली आली आणि त्यांच्या ३९० मालिकेच्या ड्रायव्हरचा सपोर्ट २०२२ अखेर संपला. कार्ड धडधाकट असतं, पण पुढे नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकलं की ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, त्यावर कंपाइलच होत नाही. त्याच काळातली एएमडीची कार्डं कर्नलमधल्या ‘रेडिऑन’ या मुक्त ड्रायव्हरवर अजून चालतात. कारण सरळ आहे: कर्नलच्या आत जो बदल करतो, त्यालाच तिथले ड्रायव्हरही दुरुस्त करावे लागतात. बाहेरच्या मॉड्यूलची ती जबाबदारी कुणावरच नसते.

रेंडररात्र:
साफ असहमत. कार्ड दहा वर्षं जपायला नाही, कामाला घेतो. माझं काम कुडावर (कार्डावर गणनेची कामं चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली) चालतं आणि त्यासाठी एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो. नूवो, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर, घेऊन मी काय करू? मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून पास्कलपर्यंतच्या (फर्मीनंतरच्या पिढ्या) कार्डांचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेगसुद्धा त्याला नीट वाढवता येत नाही.

जुनंकर्नल:
तो दोष नूवोच्या माथी मारू नका. कंपनीने सही केलेल्या फर्मवेअरशिवाय (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) क्लॉक बदलण्याची वाटच बंद केली. बाहेरच्या लोकांनी कार्डाचं वागणं तपासत तपासत जे उभं केलं, त्याला मी मानतो. कुडाचा मुद्दा मात्र मान्य, तिथे आज पर्याय तोकडे आहेत.

चौकटबाहेर:
२०२२ मध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूल खुलं केलं, हे दोघंही विसरलात. पण ओपनजीएल, व्हल्कन (प्रोग्रॅमना ग्राफिक्स काढू देणारे इंटरफेस), कुडा हा वरचा भाग बंदच राहिला आणि बरंचसं काम कार्डावरच्या जीएसपी या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये गेलं. फर्मवेअर एएमडीचंही बंदच असतं. त्यामुळे ‘पूर्ण मुक्त’ हा दावा कुणीच करू नये.

रेंडररात्र:
आणि टीव्ही जोडायचं एचडीएमआय २.१ हे मानक? एएमडीने त्याचा मुक्तस्रोत ड्रायव्हर तयार केला होता, २०२४ मध्ये हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तो नाकारला. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर ते देतो. टीव्हीवर ४के १२० हर्ट्झ पूर्ण रंगांत हवं असलेल्याला तुमचं तत्त्व काय कामाचं?

जुनंकर्नल:
त्याला मी डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीचा मॉनिटर घ्यायला सांगेन. टीव्हीच हवा असेल, तर आज तुमचं बरोबर आहे. पण चालणारा कोड तयार असताना तो लोकांपर्यंत जाऊ न देणाऱ्या फोरमवर तुम्हाला राग यायला हवा, तो मुक्त ड्रायव्हरवर का काढता?